दिसली का?

भूगोलाच्या मास्तराइतका घरबशा माणूस जगात दुसरा नसेल. इतरांचे मला सांगता येणार नाही; पण मी स्वतः १९७२ पासून २००६ पर्यंत, चौतीस वर्षे, खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवला आणि तेवढ्या काळात खडूच्या तुकड्यावर सारी पृथ्वी पालथी घातली. टुंड्रातल्या रेनडियरांपासून न्यूझीलंडातल्या मेंढ्यांपर्यंत सर्वांची खबरबात मला असे. प्रत्यक्ष प्रवास मात्र पूर्वेला नागपूर, पश्चिमेला मुंबई, दक्षिणेला पंढरपूर आणि उत्तरेला उज्जैन एवढ्या चौकटीत झाला. भरती-ओहोटी शिकवायला लागल्यावर सहाव्या वर्षी मी समुद्र पाहिला. आणि पुस्तकात लिहिले आहे त्यात काही चूक नाही अशी खात्री पटताच दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत आलो.

ध्रुवीय प्रदेशांच्या धड्यात एक काळे-पांढरे चित्र होते. छपाईत शाई अशी काही पसरली होती की, दोरीवर जुनेर वाळत घातले आहे असे वाटावे. ते चित्र ध्रुवीय प्रकाशाचे. सूर्याकडून आलेले विद्युत्भारित कण ध्रुवांजवळच्या हवेवर आदळतात आणि आकाशात रंगीत प्रकाश दिसतो, हे मी दरवर्षी एका दमात सांगत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, तुम्ही पाहिलाय का?"

मी ताडकन म्हटले, "तू अकबर पाहिलायस का? मग इतिहासाच्या पेपरात त्याच्यावर दोन पानं कशी लिहितोस?"

वर्ग हसला. पोरगा मान खाली घालून बसला. मला माझे उत्तर इतके आवडले की, पुढे कुणी न विचारताही मी ते वर्गात ऐकवत असे.

घरी मात्र असली उत्तरे चालत नसत. माझ्या पत्नीचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आकाशाशी तिची ओळख माझ्यापेक्षा जुनी. आमचे घर धाब्याचे. चैत्र-वैशाखात खानदेशात पारा चव्वेचाळीसाला टेकतो, तेव्हा घरात झोपणे म्हणजे भट्टीत झोपणे. रात्री जेवणे उरकली की गोधड्या काखेत मारून सारे घर धाब्यावर जाई. मी लेकीला सप्तर्षी दाखवू लागलो की ही पलीकडून म्हणे, "कसले ऋषी घेऊन बसलात? ते म्हातारीचं बाजलं आहे. चार पाय बाजल्याचे, आणि मागं ते तीन चोर. म्हातारी झोपली की चोर बाजलं पळवणार. म्हणून ती रात्रभर जागी असते."

"मग झोपते कधी?" लेक विचारी.

"दिवसा. चोर रात्रीच येतात ना!"

लेकीला ऋषींपेक्षा म्हातारी अधिक पसंत पडे. मग मी माझी शेवटची बाजू मांडायचो. तीन चोरांतला जो मधला, तो वसिष्ठ. आणि त्याला अगदी लागून जी बारीक चांदणी आहे, ती अरुंधती. लग्नात नवऱ्या मुलाने नवरीला दाखवायची ती हीच. एवढे बोलून झाले की आम्ही दोघेही गप्प होत असू. त्याला कारण होते.

आमचे लग्न १९७४ च्या वैशाखात गोरज मुहूर्तावर लागले. विधी आटोपता आटोपता रात्र झाली, तेव्हा गुरुजींनी आम्हांला मांडवाबाहेर आणले आणि उत्तरेकडे बोट केले. त्या दिवशी दुपारी वावटळ सुटली होती. धुळीने आभाळ गढूळ झाले होते. "दिसली का?" गुरुजींनी विचारले. मी म्हटले, "दिसली." मग त्यांनी नवरीला विचारले. तिनेही मान हलवली. पुढे पाच-सहा वर्षांनी धाब्यावर पडल्या पडल्या ती मला म्हणाली, "खरं सांगू? त्या दिवशी मला काहीच दिसलं नव्हतं. तुम्ही दिसली म्हणालात, म्हणून मी मान हलवली."

मलाही दिसली नव्हती, हे मात्र मी तिला सांगितले नाही. मास्तर होतो ना!

लेक शिकली, इंजिनियर झाली, आणि २००९ साली नवऱ्याबरोबर इंग्लंडात न्यूकॅसलला गेली. तिकडेच तिला एक मुलगा झाला, एक मुलगी झाली. बाळंतपणांना तिच्या सासूबाई गेल्या. दर दिवाळीला फोनवर तिचा एकच धोशा, "नाना, या उन्हाळ्यात आईला घेऊन याच." २०१६ साली पत्नीने पासपोर्ट काढला. त्याच्या फोटोसाठी ती ठेवणीतली साडी नेसून गेली होती. तेव्हापासून मी कारणे काढू लागलो. एका वर्षी धाब्यावर माती टाकायची होती. एका वर्षी माझा गुडघा धरला. मग करोनाची दोन वर्षे अनायासे मिळाली. त्यानंतर विहिरीचे काम निघाले. आणि या सगळ्यांवर एक हुकमाचे पान माझ्या हाती होतेच, "लेकीच्या घरी जाऊन महिना महिना राहायचं? आपल्यात रीत नाही!" ती वाद घालत नसे. पासपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून देई, आणि अधूनमधून काढून पाही.

२०२३ साली श्रावण अधिक आला. जावयाला अधिकाचे वाण पाठवायचे, म्हणून तिने अनारशांचे तांदूळ भिजत घातले. तेहतीस अनारसे इंग्लंडला पोचेपर्यंत त्यांचे काय होईल, यावर आमचा थोडा वादही झाला. तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात. तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या छातीत कळ आली, आणि तांदूळ उपसायला ती राहिली नाही.

लेक आली. तेरा दिवस राहिली. कपाट आवरताना पासपोर्ट तिच्या हाती लागला. एकही शिक्का नसलेली ती कोरी पाने तिने एकेक करून उलटली आणि पासपोर्ट होता तिथे ठेवून दिला. मी दारातच उभा होतो. तिने मला काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, असे मला पुढचे आठ-नऊ महिने वाटत होते.

२०२४ च्या एप्रिलात तिने माझे तिकीट पाठवले. या खेपेला मला कारण सुचले नाही. विमानात मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. आणि मुंबई सुटल्यापासून मी सारा वेळ समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत होतो.

त्या वर्षी अक्षय्य तृतीया १० मे रोजी, शुक्रवारी आली. आमच्या खानदेशात तिला आखाजी म्हणतात. दिवाळी अंकात हे लिहू नये. पण आमच्याकडे आखाजीपुढे दिवाळी धाकटी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबांना झोके बांधले जातात, दुपारभर गाणी चालतात. आणि घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर खरबूज ठेवायचे, सांजोरी ठेवायची. त्या वर्षीची पत्नीच्या नावाची पहिलीच घागर. गावी ती धाकटा भाऊ भरणार होता. इथे न्यूकॅसलात मातीची घागर कुठली? लेकीने तांब्याचा तांब्या घासून लखलखीत केला, पाणी भरले, वर आंबा ठेवला आणि मला म्हणाली, "हात जोडा, नाना." आखाजीला लेकीने बापाकडे यायचे, ती रीत उलटी होऊन बाप लेकीकडे आला होता. पुरणपोळ्या चांगल्या झाल्या होत्या. मी दोन जास्त खाल्ल्या, कारण जेवताना कुणी फारसे बोलत नव्हते.

तिकडे मे महिन्यात सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळतो. दिवे लागल्यावर सात वर्षांची नात आईच्या मागे लागली, "आजीचं बाजलं दाखव ना!" लेकीने ती गोष्ट तिला सांगून ठेवली होती. पण शहराच्या दिव्यांत बाजले काय, चंद्राशिवाय काहीच धड दिसेना. दुसऱ्या दिवशी शनिवार. जावयाने मोटारीची किल्ली उचलली आणि आम्ही पाचही जण सांजोऱ्यांचा डबा घेऊन निघालो.

तासाभराच्या अंतरावर नॉर्थम्बरलँडचे राष्ट्रीय उद्यान लागते. २०१३ साली तिथला काळोख राखीव म्हणून जाहीर झाला. तिथे दिवे लावायचे ते जपून आणि झाकून. काळोख जपून ठेवतात हे मला नवीन होते. आमच्या गावी तो न मागता मिळत असे. एका उंचवट्यावर मोटार थांबली. समोर जुनी दगडी भिंत टेकडीवरून चढत-उतरत गेलेली. रोमन बादशहा हेड्रियन याने इ.स. १२२ मध्ये ती बांधायला घेतली, आणि ती एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत ११७ किलोमीटर जाते, ही माहिती मी लगेच पुरवली. अकरा वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, तू पहिल्यांदा आलास ना? मग तुला कसं माहीत?" इंग्लंडात वाढलेली ही मुले मराठीत सर्वांना अरे-तुरे करतात. लेक दटावते, मला ते आवडते.

पश्चिमेला तृतीयेची कोर होती. ती पाहून मला धीर आला. गावी तीच कोर काही तासांपूर्वी भावाने पाहिली असणार. दक्षिणेला चित्रा, तिच्यावर स्वाती, पूर्वेला अभिजित. सगळी मंडळी ओळखीची, फक्त जागा सरकलेल्या. ध्रुव शोधायला मी सवयीने नजर खाली नेली, तर तो तिथे नव्हता. जितका अक्षांश तितकी ध्रुवाची उंची, हे मी चौतीस वर्षे शिकवले. आमच्या गावी तो २१ अंशांवर, गच्चीच्या कठड्याला टेकल्यासारखा. इथे ५५ अंशांवर. ते वाक्य माझ्या मानेला त्या रात्री प्रथम कळले. आणि बाजले तर थेट डोक्यावर आलेले! नात म्हणाली, "म्हातारी पडली तर आपल्यावरच पडेल."

नातवाला मी मधला चोर दाखवला आणि शेजारी अरुंधती शोधायला सांगितले. त्याने डोळे बारीक केले आणि ओरडला, "दिसली! दोन आहेत. आजोबा, तुला दिसली का?"

माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. वर पाहून मानेला रग लागली. 'दिसली' हा शब्द सवयीने ओठांवर आलाही होता. पण का कोण जाणे, मी म्हटले, "नाही रे. मला ती कधीच दिसली नाही."

अंधारात लेक हसली. कित्येक महिन्यांनी ती मोकळी हसली असेल. "आईला ठाऊक होतं ते."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्हांलाही लग्नात अरुंधती दिसली नव्हती ते. आई म्हणायची, गुरुजींनी बोट केलं एकीकडे आणि तुझे नाना बघत होते भलतीकडेच."

पन्नास वर्षे झाली होती त्या गोष्टीला. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच. आणि तेवढ्यात नातवाने विषय बदलला. उत्तरेकडे, क्षितिजाच्या वर, पांढुरका उजेड होता. तो कसला, असे त्याने विचारले. माझ्या हक्काचा प्रश्न आला, म्हणून मी सावरून उभा राहिलो. "हा संधिप्रकाश," मी सांगितले. "इतक्या उत्तरेला मे महिन्यात सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही. म्हणून त्याचा उजेड उत्तरेकडे बराच वेळ रेंगाळतो." यातला शब्दन्‌शब्द बरोबर आहे. कोणत्याही परीक्षेत पूर्ण गुण मिळतील.

नात म्हणाली, "पण आजोबा, तो हलतोय."

"हलत नाही, बाळ. तुला तसं वाटतं."

"संधी... संधिप्रकाश हलतो का?"

अकबराचे उत्तर माझ्या जिभेवर होते. मी तोंड उघडले आणि उत्तरेकडे पाहिले. उजेड हलत होता.

आधी एक फिकट कमान दिसली, राखाडी, ढगाच्या कडेसारखी. तिच्यातून उभ्या रेघा निघाल्या. पाटावर रांगोळीची चिमूट सोडताना जशी रेघ उमटते तशा. पण खालून वर. एक विझे, तिच्या शेजारी दुसरी निघे. जावयाने मोबाइल रोखून फोटो काढला. पडद्यावर पाहतो तो, मोरपिशी हिरवा रंग, आणि वर गुलाबी! मंद उजेडात माणसाचे डोळे रंग ओळखू शकत नाहीत, यंत्राला थोडा वेळ दिला की ते ओळखते, हे मला ठाऊक होते. त्यामुळे हे यंत्राचेच कौतुक असे मी म्हणणार होतो. पण पाच-दहा मिनिटांत त्या यंत्राची गरज उरली नाही. हिरवे दिसू लागले, आणि त्याच्या वर जास्वंदीच्या पाकळीसारखे तांबडे. आजूबाजूला आणखी मोटारी थांबल्या होत्या. त्यांतली माणसे मोठ्याने बोलत उतरत आणि मग बोलायची थांबत. खाली कुरणात कोकरे ओरडत होती.

पुस्तकातले जुनेर मला आठवले. चित्रकाराचा दोष नव्हता. जे क्षणभर जागेवर राहत नाही, ते तो कागदावर किती आणणार?

लेक माझ्या शेजारी भिंतीच्या दगडाला टेकून उभी होती. माझ्याकडे न पाहता, वर पाहतच, तिने विचारले, "नाना, आईला का नाही आणलंत?"

आवाजात राग नव्हता. धाब्यावर पडून, म्हातारी झोपते कधी, असे विचारायची, तसाच आवाज होता. माझी सगळी उत्तरे पुढे येऊन उभी राहिली. धाब्याची माती. गुडघा. विहीर. लेकीच्या घरी न राहण्याची रीत. चौतीस वर्षांत मी एकही प्रश्न उत्तरावाचून सोडला नव्हता.

"मला विमानाची भीती वाटायची," मी म्हटले. "बाकी सगळं खोटं होतं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"आईलाही वाटायची," ती म्हणाली. "मला फोनवर म्हणाली होती, मला मेलीला भीती वाटते, पण त्यांचा हात धरून बसले की जमेल. त्यांना सांगू नकोस म्हणाली. तुम्ही हसाल म्हणून."

वर काय चालले होते ते मला काही काळ दिसले नाही. दिसायला डोळे कोरडे लागतात. मांडवाबाहेर दोघांनी माना हलवल्या होत्या, कारण दुसऱ्याला दिसले आहे असे दोघांना वाटत होते. आणि विमानाला दोघे भ्यालो होतो, कारण दुसरा भीत नाही असे दोघांना वाटत होते. दोघांपैकी एकाने एकदा खरे सांगितले असते, तर त्या पासपोर्टावर शिक्का उठला असता. ही गोष्ट दुसऱ्या कुणावर ढकलता येण्यासारखी नाही. ती भित्री होती आणि यायला तयार होती; मी भित्रा होतो आणि कारणे देत होतो. फरक एवढाच, पण तो लहान नाही.

लेकीने माझ्या खांद्यावरची शाल सारखी केली. "कानटोपी नीट घाला," ती म्हणाली. "वारं आहे." क्षमा केली की नाही हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आपल्या घरांत या गोष्टी अशाच सांगतात.

तेवढ्यात मुले ओरडली. साडेअकराचा सुमार असेल. उत्तरेचा उजेड पसरत पसरत डोक्यावरून दक्षिणेकडे गेला होता, आणि चारही बाजूंनी निघालेले झोत वर, बाजल्याच्या जरासे खाली, एका ठिकाणी येऊन मिळत होते. छत्रीच्या काड्या मुठीपाशी जमाव्यात तसे. हिरवे, गुलाबी, जांभळट झोत. आणि त्यांतून पलीकडच्या चांदण्या स्वच्छ दिसत होत्या. आम्ही पाचही जण त्या छत्रीखाली माना वर करून उभे होतो. जावई एरवी फारसा बोलत नाही. तो एवढेच म्हणाला, "मांडव घातलाय."

मग मी मुलांना समजावून सांगितले. सवय कुठे जाते? पण या वेळी समोर पाहत पाहत सांगितले. झोत खरे तर एकमेकांशी समांतर असतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या रेषा धरून ते उतरतात. आपण खालून पाहतो म्हणून ते वर एकत्र आल्यासारखे वाटतात. भुसावळच्या पुलावरून रूळ पाहिले तर दूरवर एक झालेले दिसतात, तसे. हिरवा आणि तांबडा हे दोन्ही रंग प्राणवायूचेच. हिरवा साधारण शंभर-दीडशे किलोमीटरांवरचा. तांबडा दोनशेच्याही वरचा, विरळ हवेतला. जांभळटात नायट्रोजनचा हात. नात म्हणाली, "म्हणजे आपण श्वास घेतो तीच हवा?" मी म्हटले, "तीच." कारण कळले म्हणून वरचे काही कमी झाले नाही. उलट, तीच हवा आपल्या नाकातोंडात जाते आहे, या विचाराने मला तो उजेड जवळचा वाटू लागला.

आम्ही तेव्हा समजत होतो की, ही त्या भिंतीची आणि त्या उत्तरेची नेहमीची गोष्ट असेल. दुसऱ्या दिवशी कळले की तसे नव्हते. सूर्यावर पृथ्वीच्या पंधराएक पट रुंदीचा डागांचा पुंजका तयार झाला होता. त्यातून ८ मेपासून एकामागून एक भारित वायूंचे लोट सुटले, आणि पंधरा कोटी किलोमीटरांचे अंतर दोनेक दिवसांत तोडून ते आखाजीच्या दिवशी पृथ्वीवर येऊन थडकले. एवढ्या प्रतीचे चुंबकीय वादळ २००३ नंतर प्रथमच आले. उजेड युरोपच्या दक्षिणेपर्यंत दिसला. आपल्या लडाखात हानले येथे, जिथे मोठी वेधशाळा आहे, तिथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरचा तांबूस उजेड टिपला.

आपला या गोष्टीशी संबंध जुना आहे, हे मी पूर्वी वाचले होते. १८५९ च्या सप्टेंबरात याहून कितीतरी मोठे वादळ झाले, तेव्हा तारायंत्रे बंद पडली; आणि त्या वादळाची जी मोजकी मापे जगात आहेत, त्यांत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकसूचीची माणसांनी उभे राहून टिपलेली मापे महत्त्वाची मानतात. १८७२ च्या फेब्रुवारीत तर खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. म्हणजे मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हे तरी सांगायला हवे होते की, बाळा, मी पाहिलेला नाही. पण आपल्याकडच्या माणसांनी पाहिला आहे. तू बघ आणि मला येऊन सांग. तो आता पन्नाशीच्या पुढचा असेल. कुठे असेल, ठाऊक नाही. हा अंक त्याच्या घरी जात असेल तर त्याने हे पत्रच समजावे.

पहाटे दोनच्या सुमारास आम्ही घरी परतलो. मुले मागे झोपली होती. सांजोऱ्यांचा डबा तसाच राहिला होता; तो मी आणि लेकीने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या संपवला. त्या वेळी तिने मला अनारशांच्या तांदळांचे काय केले, असे विचारले. शेजारच्या बाईंनी ते उपसून वाळवले, दळून पीठही केले, पण मला ते कुणाला देववले नाही. डबा फळीवर आहे, हे मी सांगितले. ती म्हणाली, "टाकू नका. मी येईन तेव्हा बघू." ते पीठ तोवर खाण्याजोगे राहणार नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. मी म्हटले, "बरं."

सकाळी उशिरा उठलो. देवापुढचा तांब्या उचलून त्यातले पाणी मी अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाला घातले. त्याला नुकताच मोहोर आला होता. इतक्यात गावाहून भावाचा फोन आला. वहिनींची घागर भरली, चार माणसे जेवली, आमरस गोड होता, ऊन मरणाचे आहे, असे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तिकडं काल रात्री आभाळात कायसंसं झालं म्हणे. टीव्हीवर दाखवताहेत. तुला दिसलं का?"

"दिसलं," मी म्हटले.

तो पुढे बरेच काही विचारत होता. मी तांब्या हातात धरून तसाच उभा होतो. आयुष्यात हा शब्द मी कितीदा उच्चारला असेल, आणि खरा ठरेल असा किती थोड्या वेळा. भाऊ म्हणाला, "अरे, ऐकतोयस ना? परत कधी येतोस?"

मी म्हटले, "जूनच्या शेवटाला. या खेपेला खिडकीची जागा सांगितली आहे."